लाइनवर माणूस आहे

देवजी खांबावर चढला तेव्हा वीणा माझ्या गळ्यात होती.

सप्त्यातली वीणा ज्याच्या गळ्यात आहे त्याला दुसरं काही करता येत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. पहिल्या दिवशी सकाळी ती उभी राहते ती थेट काल्याची हंडी फुटेपर्यंत. जमिनीला टेकवायची नाही, भिंतीला लावायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा समोर येतो, वाकतो, दोघं गळाभेट घेतात आणि वीणा ह्या गळ्यातून त्या गळ्यात जाते. तेवढ्यात तिचा नाद थांबला तरी म्हातारे डोळे वटारतात. यंदा माझ्या वाट्याला नऊ वाजल्यापासूनचा, काल्याच्या कीर्तनाचा पहारा आला होता. कीर्तनकाराच्या मागे उभं राहायचं आणि दोन तास नुसतं ऐकायचं. मला विचाराल तर वैकुंठात याहून वेगळं काही नसावं. आदल्या दिवसापासून मी हवेतच होतो.

सकाळी नऊच्या सुमाराला पेंढ्याचा एक टेम्पो गावातून गेला. पेंढा भरला होता घरापेक्षा उंच. वळणावर लोंबणारी तार त्यात अडकली, खांब कलला, दोन तारा एकमेकींना लागल्या, मोठा आवाज झाला आणि देवळातला पंखा हळूहळू फिरत थांबला.

“लाइन गेलीऽऽ!”

हे कोण ओरडलं ते कळलं नाही, कारण सगळेच ओरडले. आणि मग त्या सकाळी गावात दुसरा शब्दच राहिला नाही. स्वयंपाकाचं बघणारी बाळीकाकी कमरेला पदर खोचून मंडपात आली. “लाइन नाय तर पंप नाय, पंप नाय तर टाकीत थेंब नाय. हजार माणसाचा भात मी काय थुंकीवर शिजवू?” मुरबाडचा साउंडवाला पंकज आपल्या मशीनपाशी बसून म्हणत होता, “जनरेटर दुसऱ्या लग्नाला गेलाय, काकी. मला लाइनच पायजे.” कोणी फोन लावत होतं आणि लाइन लागत नव्हती. बायका हंडे घेऊन हातपंपावर गेल्या तर तिथे लगेच भांडण: “लाइनीत ये गो, लाइनीत! तुजा हंडा काय सोन्याचा हाय?” ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना तर जुनाच विषय मिळाला. आपल्या तालुक्यातलं पाणी जाडजूड लाइनीतून मुंबईला जातं आणि आपण हातपंपावर. हे ते दर सप्त्याला बोलतात, पण त्या दिवशी जोरात बोलले.

देवजी मोटारसायकलवरून आला तो पाव तासात. आमच्या शेजारच्या कमळवहिनीचा हा एकुलता मुलगा. वय तिशीच्या आत, वायरमन म्हणून कंत्राटावर कामाला, पाच गावं सांभाळतो. आल्या आल्या मंडपात शिरला, वीणेच्या पाया पडला, मग माझ्या. उठताना हळूच म्हणाला, “काका, दीडदोन तास तरी जातील. तारा परत वडाव्या लागतील, खांबावरची चिनीमाती पन फुटलीय. चपला ठेवल्यात हां.”

मी मान हलवली. हे चपलांचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आमच्या देवळाच्या कुंपणाला लागूनच विजेची डीपी आहे. तिथल्या पेटीतून फ्यूज काढले की गावातली लाइन बंद. पेटीला कधी काळी कुलूप होतं. ते कुठे गेलं ते पेटीलाच माहीत. वीज गेली की गावातला कोणीही उठतो आणि पेटी उघडून फ्यूज हलवून बघतो. एकदा गिरणीवाल्याने अशीच घाई केली. देवजी त्या क्षणी खांबावरून नुकता खाली आला होता म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी त्याने चावडीवर सगळ्यांना जमवून सांगितलं, “मी वर चडताना बूट घालतो, चपला डीपीखाली ठेवतो. चपला दिसल्या का समजायचं, लाइनवर माणूस हाय. पेटीला बोट लावायचं नाय. चपला नसल्या का मी उतरलो.” तेव्हापासून गावाने हे पाळलं. पोरांचा चेंडू डीपीपाशी गेला तरी पोरं चपलांना वळसा घालून जायची. आणि त्या चपला ओळखायला सोप्या. काळ्या, झिजलेल्या, डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला आणि त्या जागी पिवळी वायर ओवलेली.

देवजी गेला. कललेला खांब आंब्यांच्या पलीकडे, बांधाच्या वळणावर. मंडपातून तो दिसत नाही. पेटीपासूनही दिसत नाही.

दहाला कीर्तन उभं राहिलं. कीर्तन करणाऱ्या संजीवनीताई सापगावच्या. वय फार नाही, पण आवाज असा की माइक नाही याचं वाईट वाटायला आम्हाला वेळच मिळाला नाही. “माउली, पुढे सरका,” एवढंच म्हणाल्या. लोक सरकले. मागचे आत आले, बाहेर उन्हात उभे होते तेही कनातीच्या आत आले. टाळकऱ्यांच्या दोन ओळी, मधे ताई, मागे मी. माझ्यासमोर सगळा मंडप आणि मंडपाच्या तोंडापाशी चपलांची रास.

रास म्हटलं खरं, पण भगीरथभाऊ असताना रास राहत नाही. हे आमच्या गावचे जावई. भातसानगरला धरणावर नोकरी केली, निवृत्त झाले. दर सप्त्याला येतात आणि येऊन काय करतात, तर चपला लावतात. लोकांच्या पायांची धूळ डोक्याला लागावी म्हणून. शुभ्र लेंगा-सदरा घालून खाली बसायचं, प्रत्येक जोड उचलायचा, फडक्याने पुसायचा, जोडीला जोडी लावून ओळीत मांडायचा. कोणी म्हणालं, “भाऊ, राहू द्या,” तर म्हणतात, “तुम्ही नाम घ्या, मला हे घेऊ द्या.” माणूस देवासारखा. तुम्ही मंडपातून बाहेर पडलात की तुमच्या चपला तुमच्याकडे तोंड करून उभ्या असतात.

अभंग झाला, चाल झाली, आणि ताईंनी निरूपणाला हात घातला तो अचानकच.

“माउली, मी सकाळी एसटीतून उतरल्यापासून मोजतेय. तुमच्या गावात आज विठ्ठलाच्या नावापेक्षा एक शब्द जास्त वेळा ऐकला. सांगा कोणता?”

“लाइन!” सगळा मंडप.

“ती म्हणजे काय हो?”

“वीज!” पंकज मशीनपाशी बसूनच ओरडला.

“पान्याची लाइन!” बायकांतून.

“रेशनची!”

“ताई, मुरबाडची लाइन ऱ्हायली!” तिकडून पाहुणे म्हणून आलेले एक आजोबा उठून उभे राहिले. “माजं लगीन झालं तवापासनं रेल्वेची लाइन येतेय आमच्याकडं. आता नातवाचं लगीन झालं. ती अजून वाटंतच हाय.”

“येईल, आजोबा. तिला एसटीने यायला सांगा,” ताई म्हणाल्या आणि मंडप हसून हसून आडवा झाला.

मागच्या पोरांत कुजबुज झाली, एकाला दोघांनी ढोसलं, आणि तो तोंड लपवून म्हणाला, “लाइन मारतात ती!”

“ती पण सांगा ना! कुठून कुठपर्यंत मारतात?”

“कॉलेजपासनं एसटी स्टँडपर्यंत!”

“आणि घरी कळलं की?”

“मंग बाप लाइनीवर आनतो!” हे उत्तर बायकांतून आलं. त्यावर पोरंही हसली.

मी वीणेवर बोट फिरवत होतो आणि गालातल्या गालात हसत होतो. कीर्तन असं रंगलं की मला माणसांची तोंडं बघायला फार आवडतं. ताई सांगत होत्या, “शब्द केवढासा. परक्याच्या घरचा. पण आपल्याकडे सून होऊन आला आणि घरातली सगळी कामं बिचारीच्या अंगावर पडली. पाणी भरायला तीच, दिवे लावायला तीच. पोरगा नोकरीला लागला तर चांगल्या लाइनला लागला, बाटलीला लागला तर वाईट लाइनला. बोलताना मधेच आवाज गेला तर लाइन कट. आता मला सांगा, ह्या सगळ्या लाइनींत सारखं काय आहे?”

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

“प्रत्येकीच्या त्या टोकाला कोणीतरी असतं,” ताई म्हणाल्या. “नळ सोडताना आपण धरण बघत नाही, बटण दाबताना खांब बघत नाही. पण तिथे कोणीतरी असतं.” मग पुढेच खांबाला टेकून बसलेल्या कमळवहिनीकडे त्यांचं लक्ष गेलं. गुडघे दुखतात म्हणून वहिनी नेहमी त्या खांबापाशी बसते. “आजी, तुमची कोणती लाइन?”

“माजी?” वहिनी गोंधळली. तोंडावर पदर धरून म्हणाली, “माजा पोर हाय ना लाइनवर. सकाळधरनं चडलाय, च्या पन नाय घेतला. तो खाली येल तवा मी काय ते सांगन.”

लोक हसले, पण मायेने हसले. ताईंनी वहिनीला हात जोडले आणि गजर धरला. टाळ उचलले गेले, पखवाज चढला. माइक नसला की टाळकरी दुप्पट जोराने वाजवतात. शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना.

त्याच वेळी मला बाळीकाकी दिसली. रिकामी कळशी कमरेवर घेऊन ती पंकजपाशी आली. बोलणं मला ऐकू येत नव्हतं, पण हातवाऱ्यांवरून कळत होतं. पाणी संपलंय, भात अर्धा राहिलाय. पंकजने डीपीकडे बोट करून काहीतरी विचारलं. काकी कळशी ठेवून कुंपणापर्यंत गेली, वाकून डीपीखाली बघितलं आणि तिथूनच दोन्ही हात पसरून हलवले. नाहीत.

चपला नाहीत. म्हणजे देवजी उतरला.

खरं सांगतो, मला आनंदच झाला. पोराने लवकर आटपलं, आता माइक येईल, ताईंना गळा ताणावा लागणार नाही. पंकज उठला, हात पँटला पुसले आणि मंडपाच्या कडेने डीपीकडे निघाला. पेटीचं तोंड कुंपणाच्या पलीकडे, त्यामुळे तिच्याकडे जायला मंडप आणि देऊळ ह्या दोघांना वळसा घालावा लागतो. तो बिचारा कोणाच्या अंगावर पाय पडू नये म्हणून जपून, हात जोडत जोडत चालला होता.

मग मला वाटलं, देवजी उतरला तर आला कसा नाही? वर चढताना पाया पडून गेलेला पोर खाली आल्यावर सरळ घरी जाणार नाही. आईला तोंड दाखवल्याशिवाय तर नाहीच. मी वहिनीच्या आजूबाजूला बघितलं. नाही. मागे पोरांत बघितलं. नाही. बघता बघता नजर मंडपाच्या तोंडाशी गेली, भगीरथभाऊंच्या ओळींवर.

दुसऱ्या ओळीत, एका बाईच्या नव्याकोऱ्या सँडलशेजारी, पुसून चकचकीत केलेला काळा जोड. डाव्या अंगठ्यात पिवळी वायर.

माझ्या हातातली वीणा थांबली.

काय झालं असेल ते एका क्षणात कळलं. बाहेरची माणसं कनातीच्या आत सरकली तेव्हा त्यांच्या चपला कुंपणापर्यंत पसरल्या होत्या. भाऊंनी त्या एकेक करून गोळा केल्या. डीपीखाली कोणा भक्ताच्या चपला उन्हात तापताहेत, आल्यावर पाय भाजतील, म्हणून त्याही आणल्या. भाऊ भातसानगरचे. आमच्या चपलांची खूण त्यांना कोण सांगणार?

“देवजी वर हाय!” मी ओरडलो. “पंकजला थांबवा! लाइनवर माणूस हाय!”

माझाच आवाज मला ऐकू आला नाही. गजर टिपेला होता. शेजारच्या टाळकऱ्याने माझ्याकडे बघितलं, माझे डोळे बघितले, उडणारे हात बघितले आणि त्याचा चेहरा एकदम भरून आला. त्याला वाटलं मला भाव दाटला! “विठ्ठऽल! विठ्ठऽल!” करत तो आणखी जोरात वाजवायला लागला. मी जितकं ओरडावं तितकंच लोक हात वर करून माझ्यासोबत ओरडायला लागले. एका म्हातारीने येऊन माझ्या पायांवर डोकं ठेवलं. तिकडे भगीरथभाऊ गुडघ्यांवर बसून, हातात कोणाची तरी चप्पल धरून माझ्याकडे बघत रडत होते.

ताईंनी वळून बघितलं. त्यांना काहीतरी वेगळं वाटलं असावं. कपाळाला आठी पडली. पण टाळकरी थांबायला तयार नव्हते, आणि समजावत बसायला वेळ नव्हता. पंकज देवळाच्या मागे वळून दिसेनासा झाला.

गळ्यात वीणा. खाली ठेवायची नाही. ती घेऊन पळू म्हटलं तर माणसांच्या त्या गर्दीतून वीणा फुटल्याशिवाय जाणार नाही. माझ्यानंतरचा पहारेकरी वाढपाच्या तयारीला गेलेला. टाळकऱ्यांचे दोन्ही हात टाळांत. समोर, हाताच्या अंतरावर, खांबाला टेकून कमळवहिनी.

आमच्या गावात बाईच्या गळ्यात वीणा कधी गेली नव्हती. का नव्हती ते कोणी विचारलंही नव्हतं. मीही नाही.

मी पुढे झालो, वाकलो, वीणेची पट्टी माझ्या डोक्यावरून काढली आणि वहिनीच्या डोक्यावरून घातली. गळाभेट घेतली, ती सवयीनेच. “वयनी, ऊठ. धर. खाली ठेवू नको.”

“आरे गोमा, मी? मला काय…” तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. तिचे ओठ एकदा हलले. मग तिने खांबाला धरलं आणि दुखऱ्या गुडघ्यांवर ती उभी राहिली.

मी पळालो.

कोणाच्या मांडीवर पाय पडला, कोणाचं पोर रडलं, “ओ बुवा! ओ!” असं कोणीतरी म्हणालं. मंडपाच्या तोंडाशी भाऊंच्या दुसऱ्या ओळीतून मी देवजीच्या चपला उचलल्या. का उचलल्या ते मला माहीत नाही. त्यांच्याशिवाय कोणाला खरं वाटणार नाही असं काहीतरी डोक्यात असावं. अनवाणी होतो. देवळामागच्या खडीवर तळपाय सोलले. आजही डाव्या टाचेला ते जाणवतं. तोंडातून नाम चाललं होतं की शिव्या, हे त्या देवालाच माहीत.

देवळाचा कोपरा ओलांडला तर पंकज पेटीसमोर उभा. पाठ माझ्याकडे. देवजीने काढून पेटीच्या तळाशी ठेवलेले तिन्ही फ्यूज बसवून झाले होते. त्याने रुमाल काढून हाताला गुंडाळला आणि मेन स्विचच्या दांड्याला हात घातला. वर केला की लाइन चालू.

“पंकजऽऽ!”

टाळांचा गदारोळ देवळामागेही तसाच. त्याने दांडा घट्ट धरला. अंतर अजून दहाबारा पावलं. मी डावी चप्पल फेकली. ती पेटीच्या पत्र्याला लागून उडाली आणि तो नुसता दचकला. त्याला वाटलं पेटीत काहीतरी उडालं. मग उजवी फेकली. ती बसली थेट त्याच्या मानेवर.

तो दांडा सोडून गर्रकन वळला. “कोन रे तो? ओ काका! येड लागलं का? विनेकरी ना तुमी? चपला मारता?”

“लाइनवर…” माझा श्वास पुरेना. “लाइनवर मानूस हाय.”

“नाय ओ. काकीनं बगितलं. चपला नव्हत्या.”

मी खाली बोट दाखवलं. त्याने चप्पल बघितली. पिवळी वायर बघितली. मग पेटीतले आपणच बसवलेले तीन फ्यूज बघितले आणि स्वतःच्या रुमाल गुंडाळलेल्या हाताकडे बघत राहिला. मग तो खाली बसला, मातीत, चांगल्या पँटवर.

“काका, मी आत्ता…”

“उठ. पयले ते काड.”

त्याने काढले. दोनदा बोटं सटकली. तिसरा फ्यूज निघाल्यावर मी ते तिन्ही धोतराच्या सोग्यात बांधले आणि चपला उचलून पुन्हा डीपीखाली ठेवल्या, जिथे होत्या तिथेच. “तू इथं बस,” म्हटलं, “ब्रह्मदेव आला तरी हलू नको.” तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दांडा थोडासा तर वर गेला नसेल? पहिली चप्पल लागली तेव्हा पंकजचा हात दचकला होता, तो कुठल्या बाजूला दचकला? मी बांधावरून आंब्यांपलीकडे धावलो. खांब दिसला तरी वर बघायचं धाडस होईना.

“काऽका!”

वरून दातांतून आवाज आला. देवजी खांबाला पट्टा लावून आरामात रेलला होता, तोंडात पकड, दोन्ही हात तारेवर. उघड्या तारेवर. त्याने पकड काढून हातात घेतली. “काका, तुमी इकडं कुटं? वीना कुनाकडं दिली?”

मी खांबाखाली बसलो.

“पानी आनलंय का? घसा सुकलाय माजा. आनि ते टाळ काय वाजवतायत आज! मी हितं ठेका धरला व्हता.”

“तू काम कर,” एवढंच म्हणालो. “मी हाय हितं.”

तो उतरला तेव्हा ताईंचा आवाज अजून येत होता, पण टाळ थांबले होते. खाली आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, फार थोडक्यात. तो बुटांची नाडी सोडायला वाकला आणि बराच वेळ सोडतच राहिला. मग म्हणाला, “आयेला कळलंय?”

“म्या कोनाला सांगितलंच नाय.”

डीपीपाशी आलो. पंकज तिथेच होता, आणि त्याच्याशेजारी भगीरथभाऊ. त्यांना कोणी सांगितलं असेल ते असो. मोठ्या नोकरीतून निवृत्त झालेला, सत्तरीला आलेला तो माणूस देवजीच्या चपलांसमोर जमिनीवर कपाळ टेकून होता. उठवलं तरी उठेना. देवजीने त्यांना काखेत हात घालून उभं केलं.

“भाऊ, पुसल्यात मस्त,” तो चपला पायात घालत म्हणाला. “दोन वर्सांत पयल्यांदा काळ्या दिसल्या.”

भाऊ हसले नाहीत. त्यांनी देवजीचा तारा ओढून काळा पडलेला हात दोन्ही हातांत धरला आणि तो सोडवून घ्यायला आम्हाला वेळ लागला. फ्यूज देवजीने स्वतः बसवले. दांडा त्याने स्वतः वर केला. देवळातला पंखा फिरायला लागला, आडावरचा पंप सुरू झाल्याचा आवाज आला आणि स्वयंपाकाकडून बाळीकाकीची हाक आली, “आलीऽऽ गो आलीऽऽ!”

मंडपात आलो तर काल्याची तयारी चालली होती. हंडी बांधून झाली होती. आणि कमळवहिनी अजून उभी होती. खांब सोडून, मधोमध, ताईंच्या मागे, माझ्या जागेवर. गुडघ्यावर बांधलेल्या कापडी पट्ट्यांवर लुगड्याचा काठ थरथरत होता, पण वीणेचा नाद थांबला नव्हता. तिला वीणा वाजवता येत नाही. एकच बोट, एकाच तारेवर, तेवढंच. आमचे डोळे वटारणारे म्हातारे तिच्यापुढे मुकाट बसले होते. एकाने काही म्हणायला तोंड उघडलं होतं म्हणे, तर ताईंनी निरूपण थांबवून त्याच्याकडे नुसतं बघितलं.

देवजी मंडपाच्या तोंडाशी थांबला. वहिनीने त्याला बघितलं. पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं, जसं पोर पडून आल्यावर आई बघते. बोट थांबलं नाही.

मी पुढे होऊन वाकलो. “दे वयनी. थकली असशील.”

ती माझ्याकडे वळली. डोळे कोरडे होते. “गोमा, तू वीना माज्या गळ्यात घातलीस ना, तवाच मला कळलं व्हतं.”

“काय?”

“तुजं त्वांड बगितलं ना.” मग हळू, शेजारच्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, “तू सांगितलंस खाली ठेवू नको. मी म्हनलं, मी ही खाली ठेवली तर तो वरनं खाली पडंल. मंग कशी ठेवू?”

मी पुढे केलेला हात मागे घेतला.

देवजी येऊन वाकला. आधी वीणेच्या पाया पडायची रीत; तो आधी आईच्या पडला. तिने एका हाताने त्याच्या केसांतला पेंढा काढला. दुसऱ्या हाताचं बोट तारेवर होतं.

“आये, दे काकाला. बस आता. पाय सुजतील तुजे.”

“सुजंनात. हंडी फुटू दे.”

माइक सुरू झाला होता. ताईंनी तो हातात घेतला, फुंकर मारून बघितली, मग बाजूला ठेवून दिला आणि तसाच, गळ्यानेच, शेवटचा गजर धरला. मी टाळकऱ्यांच्या ओळीच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. पहिल्यांदाच माझ्या हातात काही नव्हतं, म्हणून मी टाळ्या वाजवल्या. पंकज मशीन सोडून मागे उभा होता, एक हात मानेवर धरून. मंडपाच्या तोंडाशी भगीरथभाऊ पुन्हा चपलांपाशी बसले होते, पण आता प्रत्येक जोड उचलण्याआधी शेजारच्याला विचारत होते, ह्या कोणाच्या?